सेकंडहँड स्पोर्ट्स कार खेचतेय, डोलतेय, स्टीअरिंग विचित्र लागतंय? टायरपासून वर चढत जा, अलाइनमेंट सगळ्यात शेवटी

रत्नागिरीजवळच्या हातखंब्यावरून पालीच्या दिशेला निघालं आणि काटा ८० च्या पुढे गेला की माझी गाडी हळूच डावीकडे सरकायची. झटका नाही, आवाज नाही, नुसती सरकायची, आणि उजवीकडे धरून ठेवली की मागचा भाग किंचित हलायचा, मागून कुणी हात लावून ढकलतंय असं वाटायचं. २०११ ची दोन दरवाज्यांची जर्मन कूपे, पुण्याहून घेतलेली, ६४ हजार किलोमीटर चाललेली, इंजिन झकास, रंग झकास. आठ महिन्यांत चार वेळा अलाइनमेंट (चाकांचे कोन मोजून जुळवणं) केलं, दोन्ही टाय रॉड एंड (स्टीअरिंगचा दांडा चाकाला जोडणारे सांधे) बदलले, पुढचे टायर नवीन टाकले, आणि गाडी होती तशीच.

शेवटी दोष दोन ठिकाणी निघाला. पुढच्या डाव्या लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणारा दांडा) मागचा बुश (सांध्यातलं रबर) फाटलेला, आणि मागच्या उजव्या चाकाचा टो (वरून बघता चाक आत किंवा बाहेर किती वळलंय तो कोन) सेट करायचा बोल्ट गंजून स्लीव्हमध्ये (बुशच्या नळीत) असा बसलेला की चारही अलाइनमेंटवाल्यांना तो हललाच नव्हता, त्यातल्या एकानेही ते मला सांगितलं नाही. पहिल्याच दिवशी जॅक, घोड्या (गाडी टेकवायचे स्टँड), टॉर्च आणि एक टॉमी (लोखंडी पहार) घेऊन मी स्वतः खाली बघितलं असतं तर अर्ध्या तासात दोन्ही गोष्टी दिसल्या असत्या. आपल्याकडे कोकणात अशा गाड्यांचा जाणकार माणूस गावोगाव मिळत नाही, मुंबई नाहीतर कोल्हापूर गाठावं लागतं, म्हणून निदान तरी घरच्या खळ्यात करता यावं यासाठी हे सगळं क्रमाने लिहितोय. क्रम बदलू नका, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन एकदम बदलल्या आणि फरक पडला तर नक्की कशाने पडला ते कळत नाही, नाही पडला तर दोन्हीचे पैसे गेले.

आधी तक्रार कागदावर उतरवा

"गाडी नीट जात नाही" ही तक्रार घेऊन गॅरेजला गेलात की तो अलाइनमेंटच करणार, त्याच्याकडे दुसरं काही धरायलाच नाही. म्हणून रिकामा सरळ रस्ता बघा आणि चार वेगवेगळ्या अवस्थांत गाडी काय करते ते बघा. एकसारख्या वेगात, ॲक्सिलरेटर दाबताना, ॲक्सिलरेटर सोडल्यावर आणि ब्रेक मारताना. हे चार वेगळे आजार आहेत. फक्त ब्रेकवर खेचत असेल तर कॅलिपर (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारा भाग) किंवा लोअर आर्मचा बुश. दाबल्यावर एका बाजूला आणि सोडल्यावर दुसऱ्या बाजूला जात असेल तर कुठला तरी आर्म पुढेमागे सरकतोय, म्हणजे बुश नाहीतर सबफ्रेमचे (आर्म ज्या चौकटीला लागतात तिचे) बोल्ट. चारही अवस्थांत सारखंच खेचत असेल तर टायर, अडकलेला ब्रेक किंवा चाकांचे कोन.

पाचवी गोष्ट म्हणजे वळणातून बाहेर येताना स्टीअरिंग आपोआप मधे येतं का. उजव्या वळणानंतर गाडी उजवीकडेच ओढत राहते आणि डाव्या वळणानंतर डावीकडे, असं होत असेल तर ते खेचणं नव्हे, कुठला तरी सांधा घट्ट झालाय. शॉकअपच्या वरचं बेअरिंग, बॉल जॉइंट (आर्म आणि चाकामधला गोळ्याचा सांधा), स्टीअरिंग कॉलमचा क्रॉस (दांड्यातला फिरता सांधा), यातलं काहीतरी. याचं अलाइनमेंट हजार वेळा केलंत तरी हे जाणार नाही.

हे सगळं करताना बाजूला कुणीतरी बसवा आणि त्याला लिहायला सांगा. माझ्या भाच्याने वहीत लिहिलं होतं, "८० ला डावीकडे, ब्रेकवर जास्त डावीकडे, ॲक्सिलरेटर सोडला की मागे हलते." या एका ओळीत दोन्ही दोष होते, पण ती ओळ लिहिली आठ महिन्यांनी.

रस्त्याचा उतार वजा करा

आपल्या रस्त्यांना पाणी वाहून जायला मधून कडेला उतार असतो, साधारण २ टक्के धरा, आणि रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तेव्हा तो उतार हवाच. आपण डावीकडून चालवतो म्हणजे गाडी कायम डाव्या उताराला. रुंद, ताठ टायरच्या गाडीला हा उतार साध्या हॅचबॅकपेक्षा खूप जास्त जाणवतो. निम्म्या लोकांची "डावीकडे खेचते" ही तक्रार इथेच संपते.

टेस्ट सोपी आहे. पूर्ण रिकामा, लांबवर दिसणारा रस्ता असेल तरच, रस्त्याच्या मधोमध जिथे उतार नाही तिथे हळू वेगात काही सेकंद गाडी चालवा. चारपदरी भागात एका बाजूच्या दोन्ही लेन एकाच दिशेला उतरलेल्या असतात, तिथे ही टेस्ट करून उपयोग नाही. त्यापेक्षा एमआयडीसीतला रविवारचा मोकळा रस्ता बरा. एकाच रस्त्यावरून दोन्ही दिशांनी जा. वारं असेल त्या दिवशी नको, समुद्राकडून सुटलेला खारा वारा बुटक्या गाडीलाही ढकलतो.

टायर: इथे घाई करू नका

स्पोर्ट्स कार कमी चालते, त्यामुळे टायरवर नक्षी भरपूर दिसते आणि घेणारा फसतो. टायरच्या बाजूला डीओटी (DOT) या अक्षरांनंतरचे शेवटचे चार आकडे बघा, २३१९ असेल तर २०१९ चा २३ वा आठवडा. सहा वर्षांच्या पुढचं रबर, त्यातून उन्हात उभी राहिलेली गाडी, म्हणजे नक्षी कितीही असो, ते रबर कडक झालेलं असतं आणि ओल्या रस्त्यावर पुढचा भाग सरळ निघून जातो. नक्षीची कायद्याची मर्यादा १.६ मिलिमीटर आहे, पण आपल्या पावसात रुंद टायर असेल तर मी ३ वर आला की बदलतो. रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो.

चारही टायरचं नाव, मॉडेल आणि साइज वाचा. कितीतरी गाड्यांना पुढे २२५ आणि मागे २५५ असं वेगळं माप असतं, आणि आधीच्या मालकाने पैसे वाचवायला चारही सारखे टाकलेले असतात, नाहीतर एका एक्सलवर दोन वेगळ्या कंपन्यांचे. एकाची बाजूची भिंत मऊ, दुसऱ्याची ताठ, मग गाडी दोन्ही वळणांत वेगळी वागणार. पोर्शसाठी मंजूर टायरवर एन-० , एन-१ अशी खूण असते, बीएमडब्ल्यूच्या टायरवर तारा, ऑडीच्या टायरवर एओ. ती खूण असलीच पाहिजे असं नाही, पण एका चाकावर आहे आणि बाजूच्यावर नाही हे बरोबर नाही. चारही चाकांना ताकद जाणारी गाडी असेल तर चारही टायर एकाच मॉडेलचे आणि जवळपास सारखे घासलेले पाहिजेत, नाहीतर मधल्या क्लचला कायम काम पडतं.

हवा थंड टायरमध्ये बघा. गाडी रात्रभर उभी, सकाळी पहिलं काम हे. ३० किलोमीटर चालवून पंपावर गेलात तर ३-४ पीएसआय जास्तच दिसणार, आणि पंपवाला त्यातून हवा सोडणार. नंबर ड्रायव्हरच्या दरवाज्याच्या खांबावर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत लिहिलेला असतो. स्वतःचा गेज घ्या.

मग हाताने टायर वाचा, तळवा रबरावरून आडवा फिरवा, एकदा आतून बाहेर आणि एकदा बाहेरून आत. एका दिशेला गुळगुळीत आणि उलट दिशेला करवतीसारखं लागलं तर टो बिघडलाय. फक्त आतली कड गुळगुळीत झिजली असेल तर कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कलण्याचा कोन), लो केलेल्या (उंची कमी केलेल्या) गाडीत हे हमखास. गोलाईत थोड्या थोड्या अंतराने खोलगट वाट्या पडल्या असतील तर शॉकअप मेलाय किंवा चाकाचा बॅलन्स गेलाय. आतली कड नीट बघायला स्टीअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून टॉर्च मारा, मागच्या चाकांना मात्र जमिनीवर आडवंच व्हावं लागतं. माझ्या मागच्या उजव्या टायरची आतली कड करवतीसारखी झाली होती आणि मी ती पाहिलीच नव्हती, कारण तक्रार स्टीअरिंगची आहे तर मागे कशाला बघायचं, हा माझा समज. तुम्ही ती चूक करू नका.

शेवटी अदलाबदल. पुढची दोन चाकं डावी-उजवी बदला आणि त्याच रस्त्यावर चालवा. खेचण्याची दिशा उलटली तर दोष टायरमध्ये आहे, फाइल इथेच बंद. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर ही टेस्ट कोरड्या रस्त्यावर, हळू, दोन-तीन किलोमीटरपुरतीच करा आणि लगेच परत बदला.

८५ ते ११० च्या मधे स्टीअरिंग थरथरत असेल आणि ब्रेक न मारताही थरथरत असेल तर बॅलन्सिंग किंवा वाकडी रिम. आपल्याकडच्या खड्ड्यांनी रिमची आतली कड वाकते, बाहेरून काही दिसत नाही. बाहेरची अलॉय टाकली असतील तर मधल्या भोकात रिंग आहे का बघा, रिंग नसली की चाक हबवर मधोमध बसत नाही. स्पेसर (चाक बाहेर सरकवणाऱ्या चकत्या) असतील तर आधी काढा, मग बाकीचं बोलू.

ब्रेक अडकलाय का

खाऱ्या हवेत कॅलिपरच्या सरकणाऱ्या पिना धरतात, आणि महिना महिना उभ्या राहणाऱ्या गाडीत तर जास्तच. १५-२० मिनिटं चालवा, शेवटी ब्रेक जवळजवळ न मारता गाडी थांबवा आणि चारही चाकांच्या जवळ हात न्या, हात लावू नका, नुसता जवळ. लेझरवाला थर्मामीटर असेल तर उत्तम, डाव्या-उजव्या डिस्कचं तापमान मांडून बघा. एका बाजूची ठळकपणे गरम असेल तर तो ब्रेक सुटत नाहीये आणि गाडी तिकडेच खेचणार. चाक उचलून हाताने फिरवलं तरी कळतं.

आता गाडी वर घ्या

नुसत्या जॅकवर गाडीच्या खाली जायचं नाही. जॅकने उचला, घोड्यांवर ठेवा, ढकलून बघा, मग खाली. खळ्यातल्या शेणसारवणावर किंवा पेव्हर ब्लॉकवर घोडी रुतते, खाली जाड फळी द्या. बुटकी गाडी असेल तर आधी पुढची चाकं फळ्यांवर चढवा, मग जॅक आत जातो. उचलायच्या जागा ठरलेल्या असतात, मॅन्युअल बघा.

खाली गेल्यावर लगेच धुवू नका. आधी जसं आहे तसं बघा, तेल कुठून ओघळलंय, कुठल्या बोल्टभोवती गंजाची ताजी केशरी रेघ आहे (ती रेघ म्हणजे तिथे दोन लोखंडं एकमेकांवर हलतायत), कुठे रबराची काळी पूड साचलीय. फोटो काढा. मग प्रेशरने धुवा, कारण आपल्याकडची जांभ्याची लाल माती बुशच्या खाचेत गिलाव्यासारखी बसते आणि फाटलेला बुश अख्खा दिसतो. गाडी "पुण्यात वापरलेली" म्हणून विकली आणि सबफ्रेमच्या आत लाल माती निघाली तर गाडी कुठे फिरलीय ते कळलं. माती नाही पण बारीक वाळू आणि सगळीकडे सारखा गंज असेल तर कुणीतरी ती फोटोसाठी बीचवर घातलीय.

चाक वर-खाली धरा, घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी, आणि हलवा. खेळ लागला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर व्हील बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट किंवा त्याच्या आसपासचं. मग ९ आणि ३ वर धरून हलवा, इथला खेळ टाय रॉड एंड, आतला टाय रॉड किंवा रॅकचा (स्टीअरिंग फिरवलं की आडवा सरकणारा दांडा). एक हात चाकावर, दुसरा सांध्यावर, खटका बोटाला कळतो.

यापेक्षाही चांगली टेस्ट गाडी चाकांवर उभी असताना होते, गॅरेजच्या खड्ड्यावर किंवा रॅम्पवर. वजन चाकांवर असतं त्यामुळे खरी परिस्थिती. दुसऱ्याने स्टीअरिंग फक्त दोन-तीन इंच इकडे-तिकडे भराभर हलवायचं, तुम्ही खालून एकेका सांध्याला हात लावत जायचं. हलणाऱ्या दोन भागांच्या मधे जिथे उशीर होतो तिथे दोष. स्टीअरिंगला रिमवर बोटभरही मोकळा खेळ नको.

बुश, म्हणजे खरा गुन्हेगार

लोअर आर्मला साधारण दोन बुश असतात. पुढचा छोटा, तो चाक बाजूला जाऊ देत नाही. मागचा मोठा, तो चाक पुढेमागे सांभाळतो आणि आरामासाठी मुद्दाम मऊ ठेवलेला असतो. हा मागचा फाटला की ब्रेक मारताना चाक मागे जातं, त्याबरोबर टो बदलतो, आणि गाडी त्या बाजूला वळते. उभ्या गाडीत सगळे कोन बरोबर! अलाइनमेंटचं मशीन उभ्या गाडीचं मोजतं, म्हणून त्याला हा दोष दिसतच नाही. माझ्या चार अलाइनमेंटचं रहस्य निम्मं इथे होतं.

टॉमी आर्म आणि सबफ्रेमच्या मधे घाला आणि हलकेच पुढेमागे करा. रबर थोडं दबणारच, ते चालतं. पण भेग उघडी पडली, आतली धातूची नळी रबरापासून सुटलेली दिसली किंवा लोखंडाला लोखंड लागलं तर बुश गेला. दोन्ही बाजू बघा, डाव्याची उजव्याशी तुलना हेच सगळ्यात चांगलं मोजमाप. काही गाड्यांत या बुशच्या पोटात द्रव भरलेला असतो, तो फुटला की खाली काळा तेलकट डाग दिसतो आणि लोक ऑइल लीक समजून इंजिन उघडतात.

आता एक गोष्ट नीट वाचा. माझा फाटलेला बुश जुना नव्हता. रबर नवं होतं, शिक्का स्पष्ट होता, म्हणजे आधीच्या मालकाने कुठेतरी बदलून घेतलेला. मग एवढ्यात फाटला कसा? गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळत असताना बोल्ट फुल टाइट केला होता. या बुशमध्ये आतली नळी रबराला चिकटवलेली असते, ती फिरत नाही, रबर पिळलं जातं. लोंबकळत्या अवस्थेत आवळली की गाडी खाली उतरताच रबर पिळलेलं आणि कायम तसंच, मग प्रत्येक खड्ड्याला आणखी पीळ. काही महिन्यांत फाटतं, आणि तोपर्यंत गाडीची उंचीही किंचित वर राहते. म्हणून बोल्ट आधी नुसता लावून ठेवायचा, गाडी चाकांवर घ्यायची किंवा जॅकने आर्म नेहमीच्या उंचीपर्यंत उचलायचा, आणि मग टॉर्क रेंचने आवळायचा. गॅरेजवाल्याशी हे आधी बोला, बाजूला उभे राहा. ज्यांना माहितीय ते चिडत नाहीत.

जर्मन गाड्यांत सस्पेन्शनचे बरेच बोल्ट एकदाच वापरायचे असतात, आर्म मागवताना बोल्टही मागवा. पॉलीयुरेथेनचे बुश टाकावेत का, असं बरेच जण विचारतात. स्टीअरिंग धारदार होतं हे खरं, पण रोज रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत, लाल मातीची कच आत जाऊन ते कण्हतात आणि दर आगोटीला (पावसाआधी) काढून ग्रीस करत बसावं लागतं. मी कंपनीचं रबरच टाकलं.

छोट्या स्पीडब्रेकरवर एक चाक चढलं की टकटक आवाज येत असेल तर लिंक रॉड, हा सगळ्यात स्वस्त आणि सोपा भाग, हाताने हलवून कळतो. उभ्या गाडीत स्टीअरिंग फिरवताना स्प्रिंग टुंग करून उडत असेल तर शॉकअपच्या वरचं बेअरिंग. बोनेट उघडून वरच्या माउंटिंगवर हात ठेवा आणि दुसऱ्याला स्टीअरिंग फिरवू द्या, सुरळीत फिरतंय की अडकून उडी मारतंय ते कळेल. बोटं स्प्रिंगच्या वेटोळ्यात घालू नका.

स्टीअरिंग स्वतः

हायड्रॉलिक असेल तर रॅकच्या दोन्ही टोकांचे रबरी बूट दाबून बघा. आत पातळ काही डुचमळलं तर रॅकचा सील गेलाय. बूट फाटला असेल तर आपल्या हवेत रॉडवर गंजाचे ठिपके पडतात आणि तो खरखरीत रॉड नवा सीलही कापतो, त्यामुळे फाटलेला बूट त्याच आठवड्यात बदला. तेल कुठलं ते टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. हिरवं सिंथेटिक तेल लागणाऱ्या सिस्टिममध्ये गिअरबॉक्सचं लाल तेल ओतायचं नाही, सील फुगतात.

इलेक्ट्रिक असेल तर पहिला संशय बॅटरीवर. मोटर भरपूर करंट ओढते, बॅटरी अशक्त असली की स्टीअरिंग मधेच जड होतं, दिवा लागतो. उभी गाडी १२.४ व्होल्टच्या वर आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ पाहिजे. अर्थ केबलच्या टोकाला हिरवा-पांढरा गंज आहे का बघा. बीएमडब्ल्यूची पहिली झेड-फोर, २००२ ते २००८ ची, हिच्या इलेक्ट्रिक स्टीअरिंगची तक्रार जगभर माहितीय. गरमीत लांबच्या ड्राइव्हनंतर स्टीअरिंग मधल्या जागी चिकटल्यासारखं होतं, छोटी दुरुस्ती करायला गेलं की आधी अडतं आणि मग जास्त फिरतं. तिच्या एम मॉडेलला हायड्रॉलिक होतं, तिथे हा प्रश्न नाही. अशा गाडीची टेस्ट सकाळच्या गारव्यात दहा मिनिटं केली तर काहीच कळणार नाही, दुपारी तासभर चालवा.

२२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा किती गाड्या बुडाल्या ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. त्या आधीची कुठलीही गाडी घेताना सीटच्या रुळाखाली, कार्पेटच्या खालच्या फोममध्ये, सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून त्याच्या शेवटच्या टोकाला गाळ बघा. स्टीअरिंगची मोटर रॅकवर असेल तर ती गाडीत सगळ्यात खाली बसते, तिचा कनेक्टर काढून पिना बघा. हिरव्या पडल्या असतील तर ती गाडी सोडा, कितीही स्वस्त असली तरी.

वळणावर विनाकारण ईएसपीचा (गाडी घसरू नये म्हणून आपोआप ब्रेक लावणारी सिस्टिम) दिवा लुकलुकत असेल, गाडी स्वतःच ब्रेक लावतेय असं वाटत असेल, तर स्टीअरिंग अँगल सेन्सरला मधली जागा चुकीची माहितीय. अलाइनमेंट किंवा बॅटरीच्या कामानंतर हे होतं, स्कॅनर लावून झिरो सेट करावं लागतं.

मागची चाकंही गाडी वळवतात

मागचं एक चाक जरी किंचित बाहेर बघत असेल तर गाडी तिरकी चालते, आणि तुम्ही पुढे स्टीअरिंग तिरकं धरून तिला सरळ ठेवता. माझ्या गाडीत मागचं उजवं चाक बाहेर बघत होतं, म्हणजे मागचा भाग उजवीकडे जायला बघायचा आणि तोंड डावीकडे फिरायचं. ॲक्सिलरेटर सोडला की वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात आणि तेव्हाच ती हलल्यासारखी वाटायची. वेगात मागची पकड किती महत्त्वाची ते ऑडी टीटीच्या पहिल्या पिढीने दाखवलं. १९९८ मध्ये ती आली, जर्मनीत वेगातल्या वळणांवर मागचा भाग सुटून अपघात झाले, मग कंपनीने गाड्या परत बोलावून मागे स्पॉयलर बसवला, सस्पेन्शन बदललं आणि ईएसपी दिलं. दिसायला छान म्हणून तो स्पॉयलर काढून टाकलेली टीटी कुणी दाखवली तर परत बसवून घ्या.

मागचा टो आणि कॅम्बर बहुतेक मल्टिलिंक (चाक बऱ्याच आर्मनी धरलेल्या) गाड्यांत विकेंद्री (एक्सेन्ट्रिक) बोल्टने सेट होतो, त्याच्या डोक्याला वाकडी चकती असते. कोकणात हा बोल्ट बुशच्या नळीत गंजून एकजीव होतो. पान्याने फिरवला तर नट फिरतो, बोल्ट नाही. अलाइनमेंटला जायच्या आधी तीन रात्री रोज पेनिट्रेटिंग ऑइल मारा आणि मग हलतो का ते स्वतः बघा, आधी चकतीच्या जागेवर खूण करून. नाही हलला तर गॅसने तापवू देऊ नका, बाजूचं रबर जळतं. बोल्ट कापून काढायचा आणि आर्म, बुश, बोल्ट नवे टाकायचे. नवा बोल्ट घालताना दांड्यावर अँटीसीज (गंजून जाम होऊ न देणारं) ग्रीस लावा, आट्यांवर नको, आट्यांवर लावलं तर टॉर्क चुकतो.

शॉकअप, स्प्रिंग, लो केलेली गाडी

हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही बाजूंनी मोजा. एकाच एक्सलवर १० मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर स्प्रिंगचं खालचं वेटोळं तुटलंय का बघा, गंजामुळे तिथेच तुटतं आणि तुकडा खोबणीत बसून राहतो. जागा सपाट आहे की नाही ते गवंड्याच्या पाण्याच्या नळीने तपासा, चिऱ्याचं अंगण डोळ्याला सपाट दिसतं पण नसतं. त्याच गवंड्याचा ओळंबा घेऊन चारही हबचे मध्य जमिनीवर उतरवा आणि डाव्या-उजव्या बाजूंची पुढच्या ते मागच्या चाकापर्यंतची लांबी मोजा, स्टीअरिंग सरळ ठेवून. काही मिलिमीटर ठीक, एक-दीड सेंटिमीटर फरक म्हणजे आर्म वाकलाय किंवा गाडीला मार बसलाय.

वळणात खड्डा आला की गाडी स्वतः दिशा बदलत असेल आणि गाडी लो केलेली असेल तर कारण लो करणंच आहे. टाय रॉड आणि लोअर आर्म यांचे कोन एकमेकांशी जुळत नाहीत, चाक वर-खाली होताना टो बदलतो, त्यात शॉकअप रबरी स्टॉपरवर आदळतो. कंपनीच्या उंचीच्या स्प्रिंग परत बसवा, आपल्या रस्त्यांना तेच बरं.

आणि आता अलाइनमेंट

चारही चाकांचं, आधीचं आणि नंतरचं प्रिंट हातात घेऊन. पेट्रोल कंपनीने सांगितलंय तेवढं, डिकी रिकामी, हवा बरोबर. प्रिंटवर आधी मागचे आकडे बघा, मग थ्रस्ट अँगल (मागची चाकं मिळून गाडीला कुठल्या दिशेला ढकलतात तो कोन), मग पुढचे. मागचं काही लाल असेल तर "एवढं चालतं" ऐकू नका, मागचं झाल्याशिवाय पुढचं करायचंच नाही. गाडी कमी कॅस्टरच्या (बाजूने बघता स्टीअरिंगचा अक्ष मागे किती कललाय तो कोन) बाजूला आणि जास्त पॉझिटिव्ह कॅम्बरच्या बाजूला ओढते, त्यामुळे आकडे मर्यादेत असले तरी डाव्या-उजव्यात फरक किती ते बघा. कॅस्टरमध्ये अर्ध्या डिग्रीपेक्षा जास्त फरक मला चालत नाही. कॅस्टर सेट करता येत नसलेल्या गाडीत तो एकाच बाजूला कमी आला तर पुन्हा खाली जाऊन त्या बाजूचा आर्म आणि सबफ्रेम बघायची.

माझी गाडी आंबा घाट चढून कोल्हापूरला नेली, १३० किलोमीटर, बुश आणि मागचा आर्म इथेच बदलून. तिथल्या अलाइनमेंटवाल्या मुलाने मागचा टो सेट केला, मग पुढचा, अँगल सेन्सर झिरो केला आणि दोन्ही प्रिंट हातात दिले. परत येताना घाट उतरून साखरप्याला आलो, पालीला हायवेला लागलो आणि हातखंब्यापर्यंत ८० वर दोन बोटांनी स्टीअरिंग धरलं. रस्त्याच्या उताराएवढीच डावीकडे जात होती. ५०० किलोमीटरनंतर सगळे नवे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासले, मागच्या टायरवरून तळवा फिरवला, दोन्ही दिशांना गुळगुळीत. आता दर वर्षी पाऊस संपला की गाडी खालून गोड्या पाण्याने धुतो आणि त्या चकतीच्या बोल्टवर तेल मारतो.